पायगुणाची गाडी

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. यंदाचा विषय म्हणे ‘आमची सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट गाडी’. "सुनंदाताई, तुमचा अर्धा जन्म गॅरेजमध्ये गेलाय, तुम्ही लिहायलाच पाहिजे. हलकंफुलकं काहीतरी." मी विचारलं, बाकीच्यांनी काय दिलंय? तर हसून म्हणाल्या, "गंमत म्हणजे निम्म्या लोकांनी एकाच गाडीवर लिहिलंय. सर्वांत चांगली म्हणून. आपली ती पायगुणाची गाडी हो."

माझं डोकंच फिरलं. ज्यांनी ही पुराणं लिहून पाठवलीत, त्यांतले बरेच जण मागच्या दसऱ्याला शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये माझ्या आजूबाजूला उभे होते. सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय त्यांनी, तरी लिहितात. तेव्हा बाई, हलकंफुलकं काही माझ्याच्यानं होणार नाही. छापायचं तर हे छापा. तुमच्या आग्रहाखातर, ती गाडी ज्यांची त्या काकांचं आडनाव तेवढं बदललंय, इथे त्यांना सबनीस काका म्हणते. गाडीत मात्र मी काही बदल केलेला नाही.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी कोल्हापूरची. उद्यमनगरात वडिलांचं वर्कशॉप होतं, त्यामुळे स्पॅनर धरायला मला कोणी शिकवलं असं काही आठवत नाही. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागोमाग श्रूजबरीला आले. मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव, आपल्या माणसांनी भरलेलं. हायवेच्या कडेला निक नावाच्या एका ग्रीक म्हाताऱ्याचं गॅरेज होतं. तिथे आधी काउंटरवर फोन उचलायला लागले. एक दिवस निकचा मेकॅनिक आला नाही, मी गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टखाली शिरले, आणि मागच्या नाताळात रिटायर होईपर्यंत तिथेच होते. इथे दरवर्षी गाडीची तपासणी करून काचेवर स्टिकर लावून घ्यावा लागतो. पुढे ते लायसन्सही मी काढलं. गाडी नापास झाली की काचेवर लाल स्टिकर लागतो, आणि तो लावणारी बाई म्हणजे मी. त्यामुळे हळदीकुंकवाला मला किती प्रेमानं बोलावत असतील ते तुम्हीच समजा.

आपले लोक गॅरेजमध्ये आले की पहिलं वाक्य ठरलेलं. "जरा मेकॅनिकला बोलवता का?" मी म्हणायची, "बोला." मग ते माझ्या खांद्यावरून आत डोकावायचे, एखादा गोरा बाप्या दिसतोय का ते बघायला. आत निक खुर्चीत बसून पेपर वाचत असायचा. तो मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवायचा. इतकी वर्षं झाली तरी मला लोकांच्या त्या डोकावण्याचा राग येतो, आणि राग आलाच पाहिजे.

आता सर्वांत चांगली गाडी कुठली आणि सर्वांत वाईट कुठली, हे लोक मला लग्नाच्या पंगतीत विचारतात. गाड्या बनवणाऱ्यांना मी सोडत नाही. आजकाल एक दिवा बदलायचा तर अख्खा बंपर उतरवावा लागतो. सीट गरम करायची सोय गाडीत बसवलेली असते, पण ती चालू करायला दर महिन्याला वर्गणी. म्हणजे शेगडी तुमची, स्वयंपाकघर तुमचं, आणि काडी ओढायची परवानगी कंपनीची. हे सगळं खरं आहे. पण माझ्याकडे ज्या गाड्या मेल्या, त्यातल्या फार थोड्या कंपनीनं मारल्या होत्या.

एक बाई यायच्या. सायंटिस्ट, मोठ्या हुद्द्यावर. गाडीचं इंजिन जाम होऊन टोइंगवर आली. मी आत बसून बघते तर डॅशबोर्डवर एक लाल टिकली चिकटवलेली. विचारलं, हे काय? म्हणाल्या, "तिथे सारखा एक पिवळा दिवा लागायचा. रात्री ड्राइव्ह करताना डोळ्यांत यायचा. म्हणून टिकली लावली." तो दिवा इंजिन तपासा म्हणून सांगत होता. वर मला म्हणाल्या, "ही आमची वर्स्ट कार एव्हर." मी टिकली काढून त्यांच्या हातात दिली आणि गप्प बसले. तेव्हा मी नवी होते. पुढे गप्प बसायची सवय गेली.

दुसरे एक गृहस्थ नवी कोरी गाडी घेऊन आले, भयंकर संतापलेले. म्हणे गाडी सतत ओरडते, समोरचं दिसत नाही म्हणते, आपोआप लागणारा ब्रेक बंद पडलाय, फसवलं आम्हाला. मी पुढे जाऊन बघितलं. हल्लीच्या गाड्यांना पुढे नाकाशी एक सेन्सर असतो आणि काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा. यांनी पूजा करताना दोन्हीकडे ओल्या कुंकवाची जाड स्वस्तिकं काढली होती आणि देवाची म्हणून पुसली नव्हती. म्हटलं, "अहो, तिच्या डोळ्यात कुंकू घातल्यावर तिला दिसणार कसं?" ओल्या फडक्यानं पुसलं, गाडी बरी झाली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, "पण तुम्ही विचारून पुसायला हवं होतं." असो. पूजेला माझा विरोध नाही. मी स्वतः खंडेनवमीला पान्या-स्क्रूड्रायव्हरांना हळदकुंकू वाहते. पण नंतर ते पुसून कामाला लागते.

हे विनोदी प्रकार झाले, कोणाचं काही बिघडलं नाही. आता त्या गाडीचं सांगते.

सबनीस काका म्हणजे इथले पहिल्या पिढीतले डॉक्टर. आता ऐंशीच्या घरातले. इथलं मराठी मंडळ त्यांनीच उभं केलं. नवीन मुलगा-मुलगी आली की एअरपोर्टवर आणायला जाणार, भाड्याच्या घरासाठी जामीन राहणार, थंडीचे कोट गोळा करून देणार. माणूस दिलदार, हे मी आजही म्हणते. तर त्यांच्याकडे एक जपानी सेडान होती, बदामी रंगाची. ती त्यांनी पुतण्याला वापरायला दिली आणि त्याचं ग्रीन कार्ड आलं. पुतण्यानं ती एका जोडप्याला दिली, त्यांना लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मूल झालं. तिसऱ्याला नोकरी लागली. झालं, गाडीला पायगुण चिकटला. तेव्हापासून रिवाजच पडला की ही गाडी विकायची नाही. ज्याचं काम झालं त्यानं ती काकांकडे आणून सोडायची, मग काका पुढचा गरजू बघणार आणि दसऱ्याला मंडळात पूजा करून, किमतीदाखल एक नारळ घेऊन किल्ली त्याच्या हातात देणार. मधल्या काळात गाडी काकांच्या घरच्या गराजमध्ये. लोक म्हणायचे, माहेरी आलीय.

गंमत म्हणून ठीक आहे. पण पायगुणाचा असा परिणाम झाला की त्या गाडीला कोणी आपली समजेना. वर्षभर वापरायची, ग्रीन कार्ड घ्यायचं आणि पुढे सरकवायची. वरून लखलखीत, कारण परत देताना प्रत्येक जण धुऊन, पॉलिश करून द्यायचा. आतून अत्तर फवारलेलं. खाली वाकून कोणी बघितलं नाही.

खाली काय असतं ते सांगायला पाहिजे. आमच्या भागात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. ते खारट पाणी गाडीच्या पोटाला लागतं आणि लोखंड खातं. मागची चाकं ज्या लोखंडी चौकटीला धरलेली असतात ती चौकट आतून सडत जाते. वरचा रंग तसाच राहतो. इंजिन उत्तम चालतं, रेडिओ वाजतो, एसी गार लागतो. आणि एक दिवस हायवेवर, वेगात असताना, ती चौकट मोडते, चाक वाकडं होतं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा. म्हणून मी गाडी घेताना रंग बघत नाही, आधी जमिनीवर आडवी होते.

मागच्या वर्षी उन्हाळा संपता संपता काका ती गाडी घेऊन माझ्याकडे आले; त्याआधीच्या थंडीपासून ती माहेरीच होती. "सुनंदा, जरा बघून दे. दसऱ्याला द्यायचीय." मी लिफ्टवर घेतली. मागच्या चौकटीवर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. मी काकांना लिफ्टखाली बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, त्या भोकात स्वतःचं बोट घातलं, आणि गंजाच्या खपल्या त्यांच्या स्वेटरवर पडल्या. मी म्हटलं, "काका, ही संपली. तपासणीला आणलीत तर मी लाल स्टिकर लावीन. भंगारात घाला, आणि तोवर कोणाला चालवायला देऊ नका."

"दुरुस्त नाही होणार?"

"जोडायला धड लोखंड तर राहायला पाहिजे ना. वेल्डिंग धरणार कशाला?"

त्यांनी स्वेटरवरच्या खपल्या झटकल्या. मग म्हणाले, "किती जणांचे संसार उभे राहिले गं हिच्यावर." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी त्यांना चहा करून दिला. ते गाडी हळू चालवत घरी घेऊन गेले आणि मला वाटलं, विषय संपला.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना संघमित्राचा फोन आला. संघमित्रा मेश्राम, नागपूरची पोर, वूस्टरला एका लॅबमध्ये पेशींवर रिसर्च करते. पूर्वी कधी तिच्या मैत्रिणीच्या गाडीला मी नवीन ब्रेक घातले होते, तेव्हापासूनची ओळख. तिची आई वत्सलाताई, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या स्टाफ नर्स, तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. लॅब गावाबाहेर हलवली होती, संध्याकाळनंतर तिकडून बस नाही. बर्फ पडायला लागल्यावर ही पोरगी काय करणार, हा प्रश्नच होता.

"काकू, थँक यू हं," ती म्हणाली. मी विचारलं, कशाबद्दल? "गाडीबद्दल. सबनीस काका मला ती गाडी देताहेत ना. मी म्हटलं, जुनी आहे, एकदा दाखवून घेऊ का? तर म्हणाले, काही काळजी करू नकोस, सुनंदानं बघितलीय."

तळपायाची आग मस्तकात गेली. सुनंदानं बघितलीय. यात खोटं एक अक्षर नाही. सुनंदानं काय बघितलं एवढंच सांगायचं राहिलं. आयुष्यभर लोकांनी "मेकॅनिकला बोलवा" म्हणत माझ्या शब्दाला किंमत दिली नाही, आणि आता माझं नाव वापरायची वेळ आली तेव्हा ते कशासाठी वापरलं, तर एका परक्या मुलीला सडक्या गाडीत बसवण्यासाठी. मी तिला सगळं सांगितलं. भोक, बोट, खपल्या, सगळं. म्हटलं, घेऊ नकोस.

ती म्हणाली, "काकू, मी नाही कशी म्हणू? माझ्या अपार्टमेंटला काकाच गॅरंटर आहेत. त्यांनी ईमेल पण पाठवलाय सगळ्यांना. दसऱ्याला आमचा स्वतःचा कार्यक्रम असतो, आई दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते, यंदा इथून ऑनलाइन बघणार होती. तरी म्हणाली, एवढं बोलावताहेत तर दुपारी जाऊ." पुढे म्हणाली, "तीन वर्षं मेंबर आहे मी. लोक आडनाव विचारतात. मेश्राम म्हटलं की ‘अच्छा, नागपूर’ म्हणतात आणि जिलबी घ्यायला निघून जातात. पहिल्यांदा कोणी आपलं समजून काही देतंय, आणि मी त्यात खोट काढू? पायगुणाचं मला काही नाही हो काकू, मला नुसते ब्रेक लागणारी गाडी पाहिजे. पण नाही कशी म्हणू?"

मी म्हटलं, तुला म्हणावं लागणार नाही, मी म्हणते. काकांना फोन लावला तर काकांनी उचलला नाही. पुन्हा लावला, घरी गेले, दार उघडलं नाही. मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, काका डॉक्टर आहेत, ते काय मुद्दाम कोणाचा जीव धोक्यात घालतील का? तुम्ही जरा अति करता." बरं. मी अति करते.

दसऱ्याचा कार्यक्रम शनिवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाड्यांची पूजा. पायगुणाची गाडी मधोमध, झेंडूच्या माळा घातलेली, चाकांखाली लिंबं. काचेवर नवा कोरा स्टिकर. पास. कुठल्या गॅरेजवाल्यानं डोळे मिटून लावला ते मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा त्याचाही समाचार घेईन.

मी साडीचा पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत डांबरी जमिनीवर आडवी झाले. कोणीतरी हसलं. गाडीचं पोट काळंभोर, चकचकीत. नवीन काळा थर फवारला होता, गंज झाकायला वापरतात तो. तपासणाऱ्यानं वरवर बघितलं तर वाटावं, वा, काय निगा राखलीय. माझ्या पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. मी त्याच जागी टेकवला. काळा पापुद्रा फुटला आणि तो मुठीपर्यंत आत गेला, आधीसारखाच.

म्हणजे काकांना ऐकू आलं होतं. समजलंही होतं. समजून त्यांनी ते झाकलं होतं.

मी उठून साडी झटकते तोवर काकांचं भाषण सुरू झालं होतं. गाडीनं कोणाकोणाचं भलं केलं ते सांगत होते, ज्यांचं भलं झालं ते टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी संघमित्राला पुढे बोलावलं. ती आली, हातात नारळ. शेजारी वत्सलाताई, पांढऱ्या साडीत. काकांनी किल्ली पुढे केली.

संघमित्रानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "काका, थँक यू. फक्त घ्यायच्या आधी सुनंदाकाकूंना एकदा लिफ्टवर बघू दे?"

तिनं स्वतः म्हटलं. मला वाटलं नव्हतं ती म्हणेल.

तेवढ्यात आमचे अध्यक्ष, गर्दीकडे तोंड करून, मोठ्यानं, सगळ्यांना हसू यावं म्हणून म्हणाले, "धर्माची गाय आणि दात का गं नाय!"

आणि लोक हसले. शिकलेले, सवरलेले लोक. गाय देणाऱ्याला पुण्य, तिचे दात कोणी विचारले तर तो भिकारी आणि वर माजोरी. ही म्हण ज्यानं केली तो देणाऱ्यांतला असणार, घेणाऱ्यांतला नव्हे.

संघमित्राचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढला नाही. ती म्हणाली, "सर, आम्ही गाय मागितली नव्हती." आणि नारळ तिनं गाडीच्या टपावर ठेवला.

मग मी तोंड उघडलं. म्हटलं, मी ही गाडी उन्हाळ्यात बघितली, भंगारात घाला म्हणून सांगितलं, काकांनी त्या भोकात बोट घातलंय, आणि आता त्यावर काळा रंग फासून ती या मुलीला देताहेत, माझं नाव सांगून. कोणाला बघायचं असेल त्यानं इथे खाली आडवं व्हावं. कोणी आडवं झालं नाही.

काका म्हणाले, "सुनंदा, जुन्या गाडीला थोडा गंज असायचाच. आजच्या दिवशी हे बोलायचं का? किती वर्षं चालतेय गाडी. कधी कोणाला काही झालंय?"

"नाही झालं ना? मग असं करा," मी म्हटलं. "आत्ता काकूंना शेजारी बसवा आणि हायवेवरून घरी जा. पोचलात की फोन करा. मी इथेच सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

सबनीस काकू तिथेच होत्या, पूजेचं ताट धरून. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. फार साधी बाई. त्या पटकन म्हणाल्या, "मी कशी जाऊ गं? मला तर हे गेल्या थंडीपासून त्या गाडीत बसवतच नाहीत. म्हणतात, तुझी पाठ दुखेल. आज पण स्वतः एकटे गल्लीबोळातून आले, आणि मला सूनबाईच्या गाडीतून पाठवलं."

गेल्या थंडीपासून. म्हणजे मी बघायच्याही आधीपासून.

काकूंना आपण काय बोलून गेलो ते हळूहळू कळलं असावं, कारण त्यांनी ताट खाली ठेवलं आणि काकांकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना नवऱ्याकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. काकांनी मान खाली घातली. मला त्यांची कीव येईल असं वाटलं होतं. आली नाही. ज्या गाडीत आपली बायको बसू नये एवढी अक्कल माणसाला आहे, त्याच गाडीत दुसऱ्याची लेक आणि दुसऱ्याची आई बसली तर चालते. वर त्याला पायगुण म्हणायचं, हार घालायचे आणि टाळ्या घ्यायच्या.

शेवटी काका म्हणाले, "ठीक आहे. राहू दे. गाडी घरी नेऊन ठेवतो. पण माझे हात कापताहेत. कोणीतरी नेऊन सोडा."

त्यांनी किल्ली पुढे धरली. समोर सगळे होते. ज्याचं ग्रीन कार्ड आलं तो होता, ज्यांना मूल झालं ते दोघं होते, त्यांचं मूलही होतं, कॉलेजात गेलेलं. आयुष्यातली सर्वांत चांगली गाडी म्हणून या अंकात लिहिणारे होते. काकांचं घर तिथून जेमतेम दोन मैल. कोणी फोन बघायला लागलं, कोणाला मुलांना आणायला जायची आठवण झाली. अध्यक्षांना आतून कोणी हाक मारली, निदान ते तसं म्हणाले. काकांचा हात तसाच पुढे.

वत्सलाताई पुढे आल्या. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, मग भोवतालच्या सगळ्यांकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "कोणीच नाही घेत का? मघाशी तं माझ्या पोरीच्या हातात देऊन राहिले होते ना."

मी टो-ट्रकवाल्याला फोन लावला.